पीडीएफ ग्रुपवर फिरायला लागली तर: गोव्यातल्या नव्या लेखक-प्रकाशकांसाठी

गोव्यात मराठी पुस्तक काढणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच लेखक असतो, स्वतःच प्रकाशक असतो आणि पुस्तकांचे गठ्ठे स्कूटरवर घालून फोंड्याहून म्हापशाला पोचवणाराही तोच असतो. त्याच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे 'पोलिसांत जा', दुसरा 'सोडून दे, आजकाल असंच चालतं'. पहिल्यात बराचसा वेळ फुकट जातो आणि दुसऱ्यात पुढची आवृत्ती जाते. या दोन्हींच्या मधे करण्यासारखं पुष्कळ आहे. पहिलं पुस्तक, पहिलं नाटक किंवा भजनांचा पहिला अल्बम काढणाऱ्यांसाठी ते क्रमाने लिहिते आहे.

आधी हिशेब मांडा

समजा, 300 प्रतींची आवृत्ती काढली. छपाई आणि बांधणीला 36,000 रुपये लागले, किंमत 250 ठेवली. विक्रेत्याचं 40 टक्के कमिशन गेलं की हातात प्रतीमागे 150 रुपये येतात. म्हणजे 240 प्रती खपल्या की फक्त खर्च निघतो. कमाई ती शेवटच्या 60 प्रतींची, सगळी मिळून 9,000 रुपये. आता पीडीएफमुळे 40 जणांनी पुस्तक घेतलं नाही असं धरा. 9,000 चे 3,000 झाले. लेखकाचं मानधन यात अजून धरलेलंच नाही.

मोठ्या प्रकाशकाच्या यादीत शेकडो पुस्तकं असतात. एकाचा तोटा दुसऱ्यात भरून निघतो. आपल्याकडे ती सोय नसते. आपली सगळी कमाई शेवटच्या थोड्या प्रतींत असते आणि फुकट फाइल नेमक्या त्याच प्रती खाते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पीडीएफ उघडणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. शंभर जणांनी फाइल उतरवून घेतली म्हणजे शंभर प्रती बुडाल्या, हा हिशेब चुकीचा आहे. अनेक जण ती उघडतही नाहीत. काहींना पुस्तक हवं असतं, पण मिळत नाही. वाळपईत किंवा काणकोणात राहणाऱ्याला आपलं पुस्तक कुठल्या दुकानात दिसणार? आखातात नोकरीला गेलेल्या गोंयकाराला ते कोण पाठवणार? हे वाचक फुकट्यांत धरू नका. त्यांना फाइल विकत घ्यायची सोय आपण केली, तर त्यातले काही नक्की घेतात. ही सोय कशी करायची ते पुढे येईल. त्याआधी कागदपत्रं.

हक्क कोणाचे, ते लिहून ठेवा

भारतात कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याप्रमाणे लिहिलं त्या क्षणी हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. लेखकाच्या हयातीत तो टिकतो आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून आणखी 60 वर्षं. नोंदणी करून ठेवली तर न्यायालयात ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते. साहित्यकृतीसाठी शुल्क 500 रुपये आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबतात. कवितासंग्रहाला मी आग्रह धरणार नाही, पण नाटक, पाठ्यपुस्तक किंवा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक असेल तर 500 रुपये खर्च कराच. सर्वांत जास्त फिरतात ती हीच पुस्तकं.

लेखक आणि प्रकाशक यांच्यातला करार तोंडी ठेवू नका, दोघं एकाच वाड्यावरचे असले तरी. हक्क हस्तांतरित करायचे तर कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सही करून व्हावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो हक्क परत जातो. म्हणून छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, प्रयोग, अनुवाद असं एकेक वेगळं लिहा. पुढे तक्रार करायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो तो 'तुम्ही मालक आहात का?' हा. ई-बुकचे हक्क लेखकाकडे आणि तक्रार प्रकाशकाची, असं झालं तर तक्रार तिथेच अडते.

आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, नवी दिल्लीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणारे दलाल भेटतील, देऊ नका. या क्रमांकाने कॉपीराइट मिळत नाही, पण आपलं पुस्तक कोणतं ते तक्रारीत नेमकं दाखवता येतं.

नाटकवाल्यांनी हे नीट वाचा

गोव्यात मराठी लेखनाला फाइलचा सर्वांत मोठा फटका बसतो तो नाटकात, असं माझं स्पष्ट मत आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गावोगावी देवळाच्या उत्सवात नाटक होतं. तालमी सुरू व्हायच्या आधी संहिता हवी असते. पूर्वी मंडळं पुस्तकाच्या एक-दोन प्रती विकत घ्यायची आणि बाकीच्यांसाठी झेरॉक्स काढायची. तेव्हाही प्रती कमीच खपत, पण पुस्तक हातात असल्यामुळे लेखकाचा पत्ता आणि प्रयोगाच्या परवानगीची ओळ डोळ्यांसमोर असायची. कोणीतरी फोन करायचा. आज कोणी मोबाइलने पानांचे फोटो काढून पीडीएफ करतो, तेव्हा सुरुवात करतो थेट पात्रपरिचयापासून. आतलं मुखपृष्ठ, हक्कांचं पान, प्रस्तावना सगळं गाळलेलं. पाचव्या ग्रुपवर ती फाइल पोचते तेव्हा लेखकाचं नावही तिच्यात नसतं. बुडतं ते 150 रुपयांचं पुस्तक नव्हे. बुडतो परवानगीचा तो फोन आणि त्याच्यामागून येणारं मानधन.

यावर साधा उपाय आहे. परवानगीची ओळ हक्कांच्या पानावर ठेवाच, पण पात्रपरिचयाच्या पानावर पुन्हा छापा, आणि प्रत्येक पानाच्या तळाला नाटकाचं नाव, लेखकाचं नाव आणि संपर्क क्रमांक बारीक टाइपात घाला. पात्रपरिचय कोणी गाळत नाही, कारण भूमिकावाटप त्याच्यावरून होतं. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं काम करणाऱ्याला हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता कायद्यातली एक गोष्ट, जी नव्या नाटककारांना कोणी सांगत नाही. कलम 52 मध्ये हौशी मंडळांना एक सूट आहे. हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हा हक्कभंग ठरत नाही. म्हणजे देवळाच्या मांडवात फुकट झालेल्या हौशी प्रयोगाबद्दल तुम्ही मंडळाला नोटीस पाठवलीत, तर कायदा बहुधा त्यांच्या बाजूने उभा राहील. उगाच धमकीवजा नोटिसा पाठवणाऱ्यावर कलम 60 खाली उलट दावाही होऊ शकतो. पण ही सूट प्रयोगापुरती आहे. संहितेची पीडीएफ वाटणं तिच्यात बसत नाही. त्या प्रयोगाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणंही बसत नाही. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नसलेला, तिकीट लावलेला प्रयोग तर नाहीच नाही. शिवाय लेखकाचं नाव गाळणं किंवा संवादांची मोडतोड करणं याविरुद्धचा अधिकार कलम 57 प्रमाणे लेखकाकडेच राहतो, हक्क विकून टाकले तरी.

म्हणून मंडळाशी बोलताना भाषा परवानगीची ठेवा. 'प्रयोग जरूर करा. नाव घ्या, संहिता माझ्याकडून घ्या, व्हिडिओ टाकायच्या आधी विचारा.' गोव्यातली मंडळं हे ऐकतात. निवेदनात लेखकाचं नाव घेतलं की पुढच्या गावातलं मंडळ विचारतं, 'नाटक कोणाचं?' आणि मानधन देणारा तिकिटाचा प्रयोग पुष्कळदा तिथूनच मिळतो.

संहितेसाठी आणखी एक करून पाहा. मंडळांसाठी खास पीडीएफ ठेवा, जिच्या प्रत्येक पानावर मंडळाचं नाव आणि वर्ष छापलेलं असेल. पुस्तकाच्या किमतीपेक्षा थोडे जास्त पैसे घ्या आणि त्यात सगळ्या कलाकारांसाठी प्रती काढायची परवानगी द्या. मंडळाला झेरॉक्सपेक्षा ते सोपं जातं आणि तुमच्याकडे कोणी नाटक घेतलं त्याची नोंद राहते.

फाइल बाहेर कुठून जाते

सगळ्या फाइली वाचकच फोडतात असं नाही. लहान प्रकाशनात स्वच्छ, अक्षर न् अक्षर स्पष्ट असलेली पीडीएफ फिरत असेल तर ती पुस्तकावरून स्कॅन केलेली नसते. ती छापखान्यासाठी तयार झालेली मूळ फाइल असते. ती डीटीपीवाल्याकडे असते, मुद्रितशोधकाकडे असते, मुद्रकाच्या संगणकावर असते, आणि परीक्षण लिहिणाऱ्याला किंवा पुरस्कार समितीला आपणच 'तेवढी पीडीएफ पाठवते' म्हणून धाडलेली असते. कट-मार्क (कागद कुठे कापायचा ते दाखवणाऱ्या कोपऱ्यांतल्या रेघा) असलेली पानं फिरताना दिसली तर फाइल छापखान्याच्या बाजूने गेली हे ओळखा.

छपाईची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ड्राइव्हवर ठेवा, ठरावीक ईमेललाच प्रवेश द्या आणि काम झालं की काढून घ्या. परीक्षकांना, समीक्षकांना शक्य तिथे छापील प्रत द्या. पीडीएफच द्यावी लागली तर प्रत्येकाची प्रत वेगळी करा: पानाच्या तळाला 'ही प्रत अमुक यांच्या वाचनासाठी' एवढी ओळ. पासवर्ड घालून फारसा फायदा नाही, फाइलबरोबर पासवर्डही फॉरवर्ड होतो. स्वतःचं नाव पानोपानी असलेली फाइल मात्र माणूस सहसा पुढे पाठवत नाही.

विकत घेणं सोपं करा

ज्याला पुस्तक हवंय त्याला ते दोन मिनिटांत मिळालं पाहिजे. क्यूआर कोड, यूपीआय, पैसे आले की त्याच्या नावाची फाइल त्याच्या ईमेलवर. सुरुवातीला एवढं पुरतं, त्यासाठी संकेतस्थळ लागत नाही. किंडलवर मराठी ई-बुक ठेवता येतं, पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर किंवा संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत हवा. जुन्या फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेलं पुस्तक आधी युनिकोडमध्ये आणावं लागतं आणि मग पुन्हा नीट तपासावं लागतं, कारण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात.

एक-दोन प्रकरणं स्वतःहून फुकट वाटा. फॉरवर्ड होणारच आहे तर तुम्ही बनवलेली फाइल होऊ द्या, जिच्या शेवटच्या पानावर पुस्तक कुठे मिळेल ते लिहिलेलं आहे. सगळंच मोकळं करायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे लेखकाने ठरवलेल्या अटींवर सगळ्यांना वापर मोकळा करणारा तयार परवाना लावा. त्यात 'नाव द्या, व्यापारी वापर नको, बदल करू नका' असं नेमकं सांगता येतं. एकदा दिलेला हा परवाना मात्र परत घेता येत नाही. बालगीतं, प्रचारासाठीची एखादी कथा, शाळांसाठीचा मजकूर यांना तो शोभतो. ज्या पुस्तकावर पुढच्या आवृत्तीचा खर्च अवलंबून आहे त्याला नको.

गायकांसाठी थोडक्यात. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा 2012 च्या दुरुस्तीनंतर करारानेही काढून घेता येत नाही. अल्बम काढून देणारा 'सगळे हक्क आमचे' म्हणत असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

सापडली तर

शोधायचं कसं? पुस्तकाचं नाव देवनागरीत शोधा, मग रोमन अक्षरांत जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे शोधा. फाइलींना बहुतेक रोमन नावंच दिलेली असतात. पुस्तकातलं वाक्य टाकून शोधलं तर पुष्कळदा हाती काही लागत नाही, कारण स्कॅन म्हणजे नुसती चित्रं आणि जुन्या फाँटमधला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. गूगल अ‍ॅलर्ट लावून ठेवा, म्हणजे पुस्तकाचं नाव नव्याने कुठे दिसलं की ईमेल येईल. टेलिग्रामवर आतला शोध वेगळा करावा लागतो.

सापडली की लगेच भांडायला जाऊ नका. आधी पुरावा घ्या. लिंक, चॅनलचं नाव, सदस्यसंख्या, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, फाइलची एक प्रत जपून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं. मूळ फाइल न बदलता ठेवली असेल तर ते देणं सोपं जातं.

मग ठरवा, समोर कोण आहे. गावच्या वाचनप्रेमी ग्रुपवर एखाद्या निवृत्त शिक्षकाने 'छान पुस्तक आहे, वाचा' म्हणून फाइल टाकली असेल तर तो तुमचा वाचक आहे. त्याच्याशी लढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश कंपनीलाही वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे माणसाशी बोलणं हाच खरा उपाय. असा संदेश पुरतो:

'नमस्कार सर. आपल्या ग्रुपवर माझ्या पुस्तकाची पीडीएफ आली आहे. आपल्याला पुस्तक आवडलं याचा आनंद आहे. ही फाइल माझ्या परवानगीशिवाय तयार झाली आहे. कृपया ती काढून टाकावी. तिच्या जागी पहिलं प्रकरण आणि पुस्तक मिळण्याचा पत्ता पाठवत आहे, तो ग्रुपवर टाकलात तर मदत होईल.'

हा संदेश ग्रुपवर टाकू नका, अ‍ॅडमिनला खासगीत पाठवा. चारचौघांत कोणाला बोल लावला की माणूस हट्टाला पेटतो.

हजारो सदस्यांचं टेलिग्राम चॅनल, जाहिराती लावून फाइली वाटणारं संकेतस्थळ, 'पाचशे मराठी पुस्तकं नव्याण्णव रुपयांत' विकणारा माणूस, यांना मात्र सोडू नका. पहिली पायरी म्हणजे त्या त्या सेवेची स्वतःची तक्रार. यूट्यूब, गूगल ड्राइव्ह, टेलिग्राम सगळ्यांकडे कॉपीराइट तक्रारीची सोय आहे आणि ती फुकट आहे. गूगलच्या शोधातूनही लिंक काढायला सांगता येतं. फाइल तिथेच राहते, पण नव्या माणसाला सापडत नाही, आणि लहान पुस्तकाला तेवढंही पुष्कळ होतं. यूट्यूबवर समोरच्याने हरकत घेतली तर तुम्हाला न्यायालयात गेल्याचं दाखवायला 10 कामाचे दिवस मिळतात.

तेवढ्याने झालं नाही तर कॉपीराइट नियम 2013 मधला नियम 75 आहे. त्याखाली त्या सेवेकडे लेखी तक्रार करायची: कृती कोणती, मालकी कशावरून, फाइल नेमकी कुठे आहे, टाकणारा माहीत असल्यास कोण, आणि हा वापर कलम 52 च्या सवलतींत का बसत नाही. तक्रार मिळाल्यापासून 36 तासांत त्या सेवेने फाइलकडे जाणारा रस्ता बंद करायचा असतो. पण या तक्रारीत 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमीही द्यावी लागते. आदेश आला नाही तर फाइल परत दिसू शकते. म्हणून ही तक्रार वकिलाशी बोलूनच करा.

न्यायालयासाठी दिल्ली-मुंबई गाठायची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 प्रमाणे तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे गोव्यातच. खर्चाची धास्ती असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही. आपल्याकडे लिहिणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे आणि ही सोय त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

चॅनल चालवणारा कोण ते कळत नाही, म्हणून हात टेकू नका. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या शिक्षिका नीतू सिंग यांनी टेलिग्रामविरुद्ध दावा लावला होता. त्यांचं साहित्य चॅनलांवर वाटलं जात होतं, एक बंद केलं की दुसरं उघडायचं. 30 ऑगस्ट 2022 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने चॅनल चालवणाऱ्यांचे फोन क्रमांक, ईमेल आणि आयपी पत्ते द्यायला सांगितलं. आपला सर्व्हर सिंगापुरात असल्याने तिथला कायदा आड येतो हे टेलिग्रामचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही, आणि पुढे टेलिग्रामने माहिती दिली.

पोलिसांचा रस्ताही आहे. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे, आणि हा दखलपात्र गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितलं. फाइली विकून पैसे कमावणाऱ्यासाठी तो राखून ठेवा.

आपण दुसऱ्यांचं वापरतो तेव्हा

मुखपृष्ठावरचा फोटो, आतली चित्रं, विकत न घेतलेला फाँट, नाटकात वाजवलेलं सिनेमाचं गाणं, या सगळ्यांचे हक्क कोणाचे तरी असतात. 'गोव्यात चालतं' हा समज काढून टाका. लग्नसमारंभात गाणी वाजवायला परवाना लागणार नाही असं परिपत्रक राज्य सरकारने जानेवारी 2024 मध्ये काढलं होतं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. मोकळं साहित्य हवं असेल तर 1965 किंवा त्याआधी वारलेल्या लेखकाचं घ्या. त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाचे हक्क 1 जानेवारी 2026 पर्यंत संपलेले आहेत. मात्र नव्या संपादनातली प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे मोजतात.

आवृत्ती संपली आणि नव्या छपाईचे पैसे नाहीत, अशा पुस्तकाची फाइल फिरताना दिसली तर तक्रारीआधी एक काम करा. पुस्तक ई-बुक म्हणून बाजारात आणा, किंवा मागणीप्रमाणे थोड्या प्रती छापणाऱ्याकडे द्या, आणि एक छापील प्रत पणजीच्या पाट्टो भागातल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला भेट द्या. मग फाइल वाटणाऱ्याला लिहिताना 'पुस्तक इथे मिळतं' असं सांगता येतं. कुठेच न मिळणाऱ्या पुस्तकासाठी कोणी फाइल काढून टाकत नाही.